एकाच वर्षाच्या स्पर्धेचं देणं

घाटनांदूरच्या आमच्या रानात हरळी म्हणजे जन्माची पीडा. आई दिवस दिवस खुरपायची, पण एवढीशी काशी मातीत राहिली की पहिल्या पावसाला पुन्हा फुटायची. शेतकीची पदविका पदरात पडल्यावर अंबाजोगाईहून एसटीने पुणं गाठलं आणि एका गोल्फ मैदानावर काम मिळालं, तेही हरळीच्याच जातीचं गवत जपायचं. हा खेळ मी तोवर पाहिलाही नव्हता. खेळ बड्या लोकांचा, आपण त्यांचे माळी, एवढीच माझी समज. गावी कोणी विचारलं तर ‘कंपनीत आहे’ म्हणायचो.

आमचे हेडमाळी त्या गवतापाशी उकिडवे बसत, तळहात फिरवून बघत. पहाटे लांब बांबूने ग्रीनवरचं, म्हणजे चेंडू जायच्या भोकाभोवतीच्या बारीक हिरवळीवरचं, दंव झाडायचं, मग तीन-चार मिलिमीटरवर कापणी, मग कालचं भोक बुजवून दुसरीकडे नवं पाडायचं. ते 108 मिलिमीटर रुंदीचं, आणि त्याची कड जराही ढासळता कामा नये. मी हे सगळं उरकायचो. ते करायचे.

फेब्रुवारी 2008 मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर इंडियन मास्टर्स झाली. युरोपियन टूर या व्यावसायिक गोल्फ मालिकेची भारतातली ती पहिलीच स्पर्धा. एकूण बक्षिसं 25 लाख डॉलरची, खेळायला एर्नी एल्ससारखे दिग्गज. आणि जिंकले कोण, तर कोलकात्याचे शिवशंकर प्रसाद चौरसिया, दोन फटक्यांनी. त्यांचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर ग्रीनकीपर, म्हणजे आमच्यासारखेच गवत राखणारे. हेडमाळ्यांनी ती बातमी मला मोठ्याने वाचायला लावली, मग पुन्हा एकदा. ‘माळ्याचं पोरगं,’ एवढंच म्हणाले आणि चहा तसाच ठेवून मशीनकडे गेले.

त्यानंतर मी त्यांच्या शेजारी बसू लागलो. कुठलं गवत तहानलंय आणि कुठलं नुसतं उन्हाने मलूल दिसतंय, हे त्यांना पावलाच्या ठशावरून कळे. तुडवलेलं पातं लगेच उभं राहिलं नाही, तर त्याला पाणी हवं. पाणी देण्याआधी ते मातीत सळई खुपसून मुळाशी ओल बघत. रोज वरवर शिंपडलं तर मुळं आळशी होतात, हे त्यांनीच शिकवलं. पदविकेत हे वाचलं होतं, हाताला मात्र तेव्हा कळलं.

इंडियन मास्टर्स पुन्हा झालीच नाही. जागतिक मंदीत 2009 ची स्पर्धा रद्द झाली, ती कायमचीच. मला त्याची हळहळ आजही वाटते. तिथे अजून किती माळ्यांची पोरं खेळली असती!

चौरसिया पुढेही जिंकत राहिले. 2016 च्या मार्चमध्ये त्यांनी इंडियन ओपन जिंकली. पुढच्याच महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. आमच्या गावीही टँकर. मैदानावर प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरत होतो, तरी त्या हिरवळीवर उभं राहताना जीव कासावीस व्हायचा. धाकट्या भावाला मी फोनवर सळईची रीत सांगितली. त्याने सीताफळाच्या झाडांना मुळाशी ओल बघून, पालापाचोळ्याचं आच्छादन टाकून, मोजकं पाणी दिलं. बरीच झाडं तगली. भाऊ ते माझं शिक्षण समजतो. ते हेडमाळ्यांचं आहे, आणि त्यांच्यापाशी मला बसवलं ते दिल्लीच्या त्या स्पर्धेने.