मॅस्टोडॉनवरचे पहिले दिवस

मॅस्टोडॉन हे विकेंद्रित समाजमाध्यम जर्मनीतील प्रोग्रॅमर ऑयगेन रोख्को यांनी २०१६ मध्ये सुरू केले. त्याला एकच मालक नाही. निरनिराळ्या व्यक्ती आणि संस्था आपापले सर्व्हर चालवतात आणि ‘ॲक्टिव्हिटीपब’ या समान नियमावलीमुळे त्या सर्व्हरांमध्ये देवाणघेवाण होते. भारतातून बरेच लोक पहिल्यांदा तिकडे वळले ते नोव्हेंबर २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयातील वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाल्यानंतर. इलॉन मस्क यांनी ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस ट्विटर विकत घेतले तेव्हा त्याहून मोठी लाट आली. प्रस्तुत लेखिका या दुसऱ्या लाटेतली.

पहिली अडचण दारातच येत असे. खाते उघडण्याआधी सर्व्हर निवडावा लागे, आणि तो कशाच्या आधारे निवडायचा हे नवख्याला कळत नसे. बरेच जण इथूनच परत फिरत, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. काही सर्व्हरांवर ‘इथे का यायचे आहे?’ असा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर खरोखरीचा माणूस वाचतो. लेखिकेला त्या मंजुरीसाठी तीन दिवस थांबावे लागले.

खाते मिळाल्यावर मुख्य पान रिकामे दिसते. काय दाखवायचे हे ठरवणारे अल्गोरिदम तिथे नसते. ज्यांना आपण फॉलो करतो त्यांचेच लेखन, लिहिले गेले त्या क्रमाने, समोर येते. म्हणून माणसे शोधावी लागतात, आणि खरी दमछाक तिथे होते. लेखिकेची एक जुनी मैत्रीण दुसऱ्या सर्व्हरवर होती. तिच्या पानावर जाऊन ‘फॉलो’ दाबले, तर लॉग-इन मागितले गेले आणि पासवर्ड चुकीचा ठरला. दोनदा, तीनदा तेच. त्या सर्व्हरवर लेखिकेचे खातेच नव्हते, मग तिथे तिचा पासवर्ड चालणार कसा? उपाय साधा होता: मैत्रिणीचा दोन @ चिन्हांचा पूर्ण पत्ता उचलायचा आणि आपल्या सर्व्हरच्या शोधपट्टीत टाकायचा. मैत्रीण सापडली, पण तिने कधी काही लिहिलेच नसावे असे तिचे पान दिसत होते. एखाद्या सर्व्हरवरचे कोणीतरी फॉलो करू लागेपर्यंत बाहेरच्या खात्याचे लेखन सहसा तिथे पोहोचत नसे, आणि मागचे तर येतच नसे. मैत्रिणीच्या स्वतःच्या सर्व्हरवर तिचे वर्षभराचे लेखन जसेच्या तसे होते.

भाषेचीही एक मेख आहे. प्रत्येक नोंदीवर भाषेची खूण असते. खात्याची मांडणी इंग्रजीत ठेवली की मराठी मजकुरावरही इंग्रजीची खूण लागू शकते, आणि सार्वजनिक प्रवाहात फक्त मराठी निवडलेल्या वाचकांना तो दिसत नाही. लेखिकेच्या पहिल्या कितीतरी नोंदी अशाच वाया गेल्या.

रीतिरिवाज मात्र माणसांनी शिकवले. तुळशीच्या लग्नाचा फोटो टाकल्यावर एका अनोळखी वाचकाने नम्रपणे चित्राचे वर्णन मागितले, कारण तो स्क्रीन-रीडरच्या साहाय्याने वाचत होता. मग लेखिकेने लिहिले: गेरूने रंगवलेले वृंदावन, वर उसाचा मांडव, पुढ्यात चिंचा आणि आवळे. या माध्यमातली ही सवय फार मोलाची आहे. नजरेने टिपलेले शब्दांत मांडताना आपण ते पुन्हा नीट पाहतो.

खासगी संदेशांना टोकापासून टोकापर्यंत कूटलेखनाचे संरक्षण नसते; सर्व्हरचालक ते तांत्रिकदृष्ट्या वाचू शकतो. तसा इशारा संदेश लिहितानाच मिळतो आणि तो मनावर घेणे बरे.

लेखिकेचा सर्व्हर एकच माणूस नोकरी सांभाळून चालवत होता. खर्च आणि तक्रारी पेलवेनात, तेव्हा त्याने तीन महिन्यांची मुदत देऊन तो बंद करत असल्याचे कळवले. खाते दुसऱ्या सर्व्हरवर हलवण्याची सोय आहे. त्यामुळे आपल्याला फॉलो करणारे आपोआप नव्या खात्याकडे येतात आणि आपण ज्यांना फॉलो करतो त्यांची यादी फाइल म्हणून उतरवून नव्या जागी भरता येते. लेखन मात्र जुन्याच सर्व्हरवर राहते. त्याची संग्रहफाइल मिळते, पण ती नव्या सर्व्हरवर चढवता येत नाही. तुळशीच्या लग्नाचा तो फोटो आणि त्याखालचे वर्णन आता त्या फाइलीतच आहे.