साताऱ्याची थंडी आणि सांगलीची थंडी

थंडीचा विषय निघाला की प्रत्येक मनुष्य आपापल्या गावचा वकील होतो. नागपूरकरास पुण्याची थंडी म्हणजे पोरखेळ वाटतो; पुणेकर मुंबईकराच्या स्वेटरास हसतो; आणि मुंबईकर कोकणातून आलेल्या पाहुण्यास दोन रजया देऊन आपल्याही गावी थंडी असते हे पटवू पाहतो. या वकिलीपासून आम्हीही मुक्त नव्हतो. आम्ही साताऱ्याचे. आमचे धाकटे बंधू नोकरीनिमित्त १९८६ साली सांगलीस गेले आणि तेथलेच झाले. कार्तिक सरला की त्यांचे कार्ड येई, "यंदा कृष्णाकाठी थंडी फार आहे." आम्ही उलट टपाली लिहीत असू, "सांगलीस कसली आली आहे थंडी! थंडी पाहावयाची तर साताऱ्यास यावे." पुढे कार्डे गेली, दूरध्वनी आला, भ्रमणध्वनी आला, वाद मात्र होता तोच राहिला.

आमच्या बाजूस शास्त्राधार होता. शाळेत आम्ही संस्कृत शिकवीत असू. पण खालच्या वर्गांचा भूगोलही आमच्याचकडे असे. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर, तर सांगली सुमारे ५५० मीटरांवर. वर जावे तसतशी हवा थंड होते, आणि त्याचे प्रमाण हजार मीटरांस सुमारे साडेसहा अंश असे धरतात. तेव्हा त्रैराशिक मांडले तर सातारा सांगलीहून एका अंशाने थंड असलाच पाहिजे. हे गणित आम्ही फळ्यावर कितीदा मांडले असेल याची गणती नाही, आणि उत्तर बरोबर आले म्हणजे विषय संपला अशीच आमची समजूत होती.

साताऱ्याची थंडी खरोखर मोठी देखणी. अजिंक्यतारा शहराच्या दक्षिणेस उभा आहे. मार्गशीर्ष-पौषात सूर्य दक्षिणेकडे कललेला. भर माध्यान्हीसुद्धा तो क्षितिजापासून जेमतेम एकोणपन्नास अंश वर चढतो. त्यामुळे किल्ल्याच्या पायथ्याकडील वरच्या पेठांत ऊन उशिरा उतरते. समोरच्या गच्चीवर ऊन आलेले दिसते, पण आपल्या ओट्यावर अजून सावलीच असते. मग म्हातारी मंडळी उन्हाची वाट पाहत बसतात आणि ते आले की त्याच्यामागे खुर्च्या सरकवीत जातात. सायंकाळी यवतेश्वराचा डोंगर पश्चिमेस आडवा येतो व दिवस लवकर आवरता घेतो. धुंधुरमासात, म्हणजे सूर्य धनु राशीत असता, घरोघर पहाटे चुली पेटत, आणि सूर्योदयाबरोबर नैवेद्य होऊन पाने मांडली जात. मुगाच्या डाळीची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत आणि लोण्याचा गोळा! हेमंतात जठराग्नी बलवान असतो, म्हणून स्निग्ध आहार घ्यावा आणि अंगास तेल लावावे, असे वाग्भटाचार्य सांगतात. आमच्या मातोश्रींनी वाग्भट वाचला नव्हता, परंतु त्यांचा स्वयंपाक त्याच्या आज्ञेबाहेर कधी गेला नाही.

या सर्व थाटाचा मध्यबिंदू होता वडिलांचा तांब्याचा बंब. वडील चार वाजता उठून त्यात ढलप्या आणि नारळाच्या करवंट्या घालीत. बंबाने आवाज धरला की आम्ही दोघे भाऊ अंथरुणातून उठून त्याच्याजवळ उकिडवे बसत असू आणि नळीच्या बाजूची जागा कोणाची, यावरून भांडत असू. वडील १९९४ साली गेले. पुढे घरातील वस्तूंची वाटणी झाली, तेव्हा बंधूंनी भांडी मागितली नाहीत की कपाट मागितले नाही. ते एवढेच म्हणाले, "दादा, मला बंब दे." आम्ही म्हटले, "सांगलीस कसली आली आहे थंडी! बंब साताऱ्यासच हवा." ते काही बोलले नाहीत. वडिलांची घोंगडी तेवढी बरोबर घेऊन गेले. आम्हांस ते वाक्य त्या वेळी विनोदाचे वाटले होते.

असो. गेल्या वर्षी आमच्या घराचे आढे बदलून कौले उतरावयाची वेळ आली, आणि मार्गशीर्षापासून पौषाच्या अखेरपर्यंत आम्ही सहकुटुंब बंधूंच्या घरी सांगलीस राहिलो. चाळीस वर्षांत इतके दिवस त्यांच्याकडे राहण्याचा हा पहिलाच प्रसंग. पोहोचलो त्या दिवशी दुपारी ऊन असे चटचटत होते की आम्ही सदऱ्याची गुंडी सोडली आणि बंधूंकडे पाहून हसलो. तेही हसले. म्हणाले, "दादा, पहाटे बोलू."

तिसऱ्या दिवशी पहाटे ते आम्हांस घाटावर घेऊन गेले. नदीवर वाफ दाटली होती. १९२९ साली बांधलेला आयर्विन पूल जुना व ओळखीचा. पण त्याच्या कमानींपैकी काठाजवळच्या दोन तेवढ्या दिसत होत्या, पुढचा पूल धुक्यात बुडालेला. गणपतीच्या देवळाकडून घंटेचा आवाज येत होता, देऊळ मात्र दिसत नव्हते. साताऱ्याची थंडी कानाला आणि नाकाला लागते. ही पायांच्या तळव्यांतून शिरली आणि गुडघ्यात जाऊन बसली. आम्ही काही बोललो नाही, पण परतताना बंधूंनी आपल्या अंगावरील शाल काढून आमच्या खांद्यावर टाकली.

मग आमच्यातील मास्तर जागा झाला. साताऱ्यास घराच्या कामावर देखरेख करणाऱ्या शेजारच्या मुलास आम्ही रोज पहाटे सहा वाजता अंगणातील तापमापक पाहून कळविण्यास सांगितले, आणि इकडे बंधूंच्या परसात दुसरा टांगला. बहुतेक दिवशी फरक एखाद्या अंशाचा. काही पहाटे मात्र सांगलीचा पारा साताऱ्याच्याही खाली गेलेला! आमचे त्रैराशिक कोठे चुकले?

चूक गणितात नव्हती. ते अपुरे होते. हिवाळ्याच्या निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकून देते. तिला लागून असलेली हवा गार होते, जड होते, आणि पाण्याप्रमाणे उताराने वाहत जाऊन सखल जागी साचते. उंचावर थंडी अधिक हा नियम दिवसाचा. अशा रात्री तो पुष्कळदा उलटा होतो. याचे उत्तम उदाहरण सातारा जिल्ह्यातच आहे. महाबळेश्वरी हिवाळ्यात दव गोठून पानांवर हिमाचे कण दिसले, अशी वार्ता पुष्कळ वर्षी येते. ते कण डोंगरमाथ्यावरच्या बाजारपेठेत सापडत नाहीत; ते सापडतात वेण्णा तलाव आणि लिंगमळा या खोलगट भागात. साताऱ्याची वस्ती डोंगराच्या उतारावर. तेथील गार हवा खाली निसटून जाते. सांगली सपाटीवर आणि नदीच्या काठी. तेथे ती येऊन बसते. नदीचे पाणी हवेहून उबदार असल्यामुळे त्याची वाफ होते आणि त्या गार हवेत तिचेच धुके बनते. आणि गंमत अशी की ही नदी आमचीच! महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा साताऱ्याजवळ माहुलीस वेण्णेला घेते, कराडास कोयनेला भेटते आणि मग सांगलीस येते. आमच्या दारावरून गेलेल्या पाण्याने बंधूंच्या दारी काय केले, हे आम्ही चाळीस वर्षांत विचारले नव्हते.

पुढे एका रात्री बंधूंच्या स्नेह्यांकडे तासगावच्या बाजूस द्राक्षबागेत जाण्याचा योग आला. मण्यांत पाणी उतरण्याचे दिवस होते. मध्यरात्रीनंतर मालक आणि त्यांचा मुलगा बागेच्या कडेने शेकोट्या पेटवीत हिंडत होते. थंडी फार वाढली की मण्यांची फुगवण थांबते; दिवसा कडक ऊन आणि रात्री कडाका असे झाले की पिकू लागलेले मणी तडकतात; आणि धुके बसून पाने ओली राहिली तर डावणीचा रोग बळावतो. शेजारच्याच रानात मात्र शाळू त्याच दवावर पोसत होता आणि हरभऱ्याला आंब चढत होती. एकाच रात्रीने एका बांधाच्या अलीकडे भय आणि पलीकडे बरकत आणलेली. मालक हात शेकीत म्हणाले, "मास्तर, तुमची थंडी अंगावर बसते. आमची बागेवर बसते. अंगावर घोंगडे घेता येते. बागेवर काय घालायचे?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

बंधूंचे चिरंजीव कॅनडात टोरांटो येथे असतात. त्या सुमारास त्यांचा दूरध्वनी आला. पडद्यावर पाहतो तो बाहेर बर्फ, उणे पंधरा अंश, आणि पुतण्या अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात! आम्ही शाल, कानटोपी आणि पायमोजे अशा पूर्ण पोशाखात बसलेलो. तो म्हणाला, "काका, थंडी आमच्याकडे बाहेर असते, तुमच्याकडे घरात असते." मुलगा योग्य बोलला. तेथील घरे थंडीसाठी बांधलेली, भिंती-खिडक्या बंदिस्त आणि आत ऊब खेळविलेली. आपली घरे बांधली उन्हाळ्यासाठी: कौलांत फटी, खाली फरशी, आणि वारा यावा म्हणून समोरासमोर दारे. दोन महिन्यांच्या थंडीसाठी आपण घर बदलीत नाही. अंगावरचे पांघरूण बदलतो. म्हणून वर्तमानपत्रातील अंशांवरून कोणाची थंडी मोजू नये. तो कोणत्या घरात, किती पांघरुणांत आणि कोणत्या वयात ती सोसतो, हे आकड्यात येत नाही.

याच दिवसांत एके सकाळी उन्हात बसून आम्ही बंधूंच्या नातीस वाल्मीकिरामायणातील अरण्यकांड वाचून दाखवीत होतो. पंचवटीतील हेमंताचे वर्णन निघाले. राम पहाटे गोदावरीवर स्नानास निघाला आहे, मागून लक्ष्मण कलश घेऊन येतो आहे, आणि चालता चालता तो त्या ऋतूचे वर्णन करतो: धुके, दव, निस्तेज झालेला चंद्र. हा सर्ग आम्ही शाळेत कितीदा शिकविला! उपमा दाखविल्या, समास सोडविले, अलंकारांची नावे पाठ करून घेतली. पण वर्णन करता करता लक्ष्मणास एकदम भरताची आठवण होते. तो सुकुमार भाऊ राज्यभोग सोडून थंड भूमीवर निजत असेल. याच वेळी शरयूवर स्नानास निघाला असेल. ही थंडी त्यास कशी सोसत असेल, असे तो म्हणतो. तेथे आमचे वाचन थांबले. नातीने विचारले, "आजोबा, पुढे?" पुढे काय सांगावे? लक्ष्मण स्वतः वनात होता, उघड्यावर होता, परंतु "अयोध्येस कसली आली आहे थंडी!" असे तो म्हणाला नाही.

त्या रात्री जेवणे झाल्यावर आम्ही बंधूंजवळ बंबाचा विषय काढला. म्हटले, "तेव्हा द्यावयास हवा होता." ते हसून म्हणाले, "दिला नाहीस तेच बरे झाले दादा. २०१९च्या पुरात गेला असता. पाणी खिडकीपर्यंत होते." मग थोडे थांबून म्हणाले, "बाबांची घोंगडी त्यातच गेली. चिखलातून काढली, धुतली, पण वास जाईना." ही गोष्ट आम्हांस त्या रात्री प्रथम कळली. पुराच्या वेळी आम्ही दूरध्वनी केला होता खरा. सर्व सुखरूप आहेत असे ऐकून समाधान मानले होते. काय गेले, हे विचारले नव्हते.

साताऱ्यास परतल्यावर आम्ही माळ्यावरून बंब काढला. गॅसचा गीझर आल्यापासून तो तेथेच होता. बुडास गळतीही लागली होती. ज्या बंबासाठी आम्ही भावास नकार दिला, तो आमच्याही उपयोगी फार वर्षे पडला नव्हता. यंदा मार्गशीर्षात तो दुरुस्त करून, चिंचेने घासून सांगलीस पोहोचता केला. बंधूंच्या घरीही गीझर आहे. बंबाची गरज त्यांस आता नाही, हे आम्हांस ठाऊक आहे आणि त्यांसही.

भोगीच्या दिवशी पहाटे साडेपाचला त्यांचा दूरध्वनी आला. मागे ढलप्या तडतडत होत्या, आणि नातवंडे कोणत्या तरी जागेवरून भांडत होती.

"दादा, इकडे थंडी फार आहे."

"असणारच," आम्ही म्हटले. "नदीकाठ आहे. कानटोपी घातलीस का?"