लिंकन आणि टिटवाळा

माझ्या भाचीचा मुलगा अमेरिकेत, व्हर्जिनियात सातवीत आहे. त्याच्या शाळेत सध्या यादवी युद्ध चालू आहे (म्हणजे इतिहासाच्या पुस्तकात!), त्यामुळे गेले दोन महिने दर रविवारी फोनवर माझी तोंडी परीक्षा असते. "मामाआजोबा, ली मोठा की ग्रँट?" हा त्याचा लाडका प्रश्न. वर्गात त्यावरून दोन तट पडलेत म्हणे. पानिपतात भाऊसाहेबांचं काय चुकलं यावर आपल्याकडे तीन पिढ्या हिरिरीने भांडतात, तसंच.

त्याला उत्तर द्यायचं म्हणून वाचायला बसलो. पण ली आणि ग्रँट राहिले बाजूला आणि मी अडकलो लिंकनमध्ये. सैन्याचा अनुभव म्हणाल तर तरुणपणी काही आठवडे मिलिशियात, तोही प्रत्यक्ष लढाई न बघता. राष्ट्राध्यक्ष झाला आणि महिना-दीड महिन्यात, एप्रिल १८६१ मध्ये युद्ध सुरू. तेव्हा या वकिलाने काय केलं, तर संसदेच्या ग्रंथालयातून युद्धशास्त्राची पुस्तकं मागवली आणि रात्री जागून वाचली. मला हे फार आवडलं.

त्याचा सेनापती मॅक्लेलन. फौज तयार करण्यात हुशार, कवायत चोख, पण पुढे सरकायचं म्हटलं की शत्रू त्याला दुप्पट दिसायचा. लिंकनचं म्हणणं साधं होतं. आपल्याकडे माणसं जास्त आहेत, तर एकाच वेळी अनेक ठिकाणी रेटा द्या, म्हणजे दक्षिणेला इथली फौज तिथे हलवता येणार नाही. हे साधं गणित कळणारा माणूस मिळायला त्याला तीन वर्षं लागली. नोव्हेंबर १८६२ मध्ये मॅक्लेलनला घरी बसवलं, मध्ये आणखी काही जण आले-गेले, आणि मार्च १८६४ मध्ये सगळी सूत्रं ग्रँटकडे आली. तोवर समुद्रावरची नाकेबंदी दक्षिणेचा गळा आवळत होती, आणि जुलै १८६३ मध्ये व्हिक्सबर्ग पडल्यावर मिसिसिपी नदीही हातची गेली होती.

पण हे झालं नकाशावरचं युद्ध. खरी गोम वेगळीच होती. दक्षिणेचे गोरे शेतकरी आघाडीवर जाऊन लढू शकत होते, कारण मागे शेतं कोण बघत होतं? खंदक कोण खणत होतं? सुमारे ३५ लाख गुलाम. म्हणजे ज्यांच्या गुलामीसाठी युद्ध चाललेलं, त्यांच्याच पाठीवर ते उभं होतं. आणि हे वॉशिंग्टनमधल्या मोठ्या लोकांच्या आधी कळलं ते गुलामांना. मे १८६१ मध्ये, युद्ध सुरू होऊन दीड महिनाही झाला नव्हता, तेव्हा तीन गुलाम रात्री होडीतून फोर्ट मन्रोला उत्तरेच्या छावणीत आले. तिथला जनरल बटलर पेशाने वकील. तो म्हणाला, तुम्ही यांना मालमत्ता समजता ना? मग शत्रूची मालमत्ता युद्धात जप्त करता येते! परत दिलं नाही. मग रोज माणसं यायला लागली, बायकामुलांसकट.

लिंकन मात्र सावकाश गेला. चार गुलामी राज्यं अजून त्याच्या बाजूला होती, ती फुटली तर संपलंच. शेवटी १ जानेवारी १८६३ ला मुक्तीचा जाहीरनामा निघाला, तोही फक्त बंडखोर मुलखापुरता. यावरून त्याला आजही नावं ठेवतात, आणि ते अगदीच खोटं नाही. पण त्यात एक कलम असं होतं की मुक्त झालेल्यांना फौजेत घेतलं जाईल. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेकडून लढले. ज्यांच्यावर दया करायची ते लोक एकदम ज्यांच्यावर भिस्त ठेवायची ते लोक झाले. माझ्या मते युद्ध इथे फिरलं.

आणि मग ऑगस्ट १८६४. अतोनात माणसं मेलेली, जनता कंटाळलेली, नोव्हेंबरात निवडणूक, आणि समोर उमेदवार कोण, तर तोच मॅक्लेलन! लिंकनला स्वतःला वाटत होतं की आपण हरणार. पक्षातलेच लोक सांगत होते, गुलामांचा विषय सोडा, नुसती एकी मागा आणि तह करा. त्याने ऐकलं नाही. ज्यांना स्वातंत्र्याचं वचन देऊन लढायला बोलावलं, त्यांना आता परत गुलामीत ढकलायचं? सप्टेंबरात अटलांटा पडलं, वारं फिरलं, तो निवडून आला. पण अटलांटा पडण्याआधी त्याने नकार दिला होता हे महत्त्वाचं.

हे सगळं डोंबिवलीत बसून का सांगतोय? एक तर १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं, ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सज्जनांना, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली त्यांना. आपल्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा अशी आशाही त्यात आहे. युद्ध संपून जेमतेम आठ वर्षं झाली होती. पुण्यात बसून त्यांना तिकडची आणि इकडची गुलामी एकाच जातीची दिसत होती.

दुसरं कारण टिटवाळा. आपल्यासाठी टिटवाळा म्हणजे गणपती. अंगारकीची गर्दी, कल्याणच्या पुढे शहाड, आंबिवली आणि मग टिटवाळा, लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. पण याच टिटवाळ्यात जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद झाली होती. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे तिचे पुढारी. गोदावरीबाई माहेरच्या गोखले, पुण्याच्या, कायद्याच्या पदवीधर. त्या परिषदेला उंबरगाव-डहाणूकडचे मोजके वारली आले होते. त्यांच्याकडे वेठ चालायची, म्हणजे जमीनदार बोलावेल तेव्हा फुकट राबायचं. आणि लग्नगडी. लग्नाला पैसे उसने घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी सावकाराकडे राबायचं. फेडीचा हिशेब सावकाराच्या वहीत, त्यामुळे ते फिटायचं कधी हे तुम्हीच समजा. ही अमेरिकेची गोष्ट नाही, मंडळी. हा आपला ठाणे जिल्हा. (त्यातला डहाणूकडचा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे, पण तेव्हा ठाणेच.)

मे १९४५ मध्ये झरी गावात हजारो वारली जमले आणि ठरलं की यापुढे वेठ नाही, लग्नगडी नाही. मग माणसं पाड्यापाड्यावर जाऊन हा निरोप सांगत सुटली. बाई सगळीकडे पोचणं शक्यच नव्हतं. काम केलं ते वारल्यांनीच.

पुढची चाल बघण्यासारखी आहे. पावसाळा संपला की गवत कापणीला येतं. हे गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. कापायला उशीर झाला की जमीनदाराचं नुकसान. संप नेमका तेव्हाच केला, ऑक्टोबरात. हातात शस्त्र नाही, पैसा नाही, आहे तो फक्त विळा, आणि तो खाली ठेवायचा. ही नाकेबंदीच की!

उत्तर म्हणून जमीनदारांच्या माणसांनी निरोप फिरवला की तलवाड्याला बाईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, काठ्या घेऊन या. लोक हजारोंनी आले. तिकडे पोलिसांना सांगितलं की वारली दंगल करायला जमलेत. गोळीबार झाला. लोक पांगेनात, बाईंना सोडून कसं जायचं? बाई तर तिथे नव्हत्याच. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. १० ऑक्टोबर हा हुतात्मा दिन तिकडे आजही पाळतात. अशा वेळी जमाव उलटला असता तर चळवळ चिरडायला आयतं निमित्त मिळालं असतं. वारल्यांनी ते मिळू दिलं नाही. पुढच्या वर्षी सव्वा रुपया रोजासाठी जंगलकामाचा मोठा संप झाला, आणि तो त्यांनी जिंकला.

दोन्हींची बरोबरी करायची नाही. तिकडे किमान ६ लाख माणसं मेली. आणि एक फरक तर उलटाच आहे. तिकडे १८६३ नंतर सरकारची बंदूक गुलामाच्या बाजूने होती, इकडे ती त्याच्यावर रोखलेली होती. पण पुढारीपणाचं मर्म मला दोन्हीकडे एकच वाटतं. ज्यांच्यासाठी लढायचं त्यांच्यावर विश्वास टाकायचा, आणि एकदा टाकल्यावर अवघड दिवसांत तो काढून घ्यायचा नाही.

गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) वाचताना लग्नगडी या शब्दापाशी मी थांबलो. आमचं मूळ घर वाडा तालुक्यातलं. आमच्या घरात एक गोष्ट फार कौतुकाने सांगतात. आजोबांकडे एक गडी होता, त्याचं लग्न आजोबांनी स्वतःच्या खर्चाने लावून दिलं, आणि तो आणि त्याची बायको मरेपर्यंत आमच्याकडेच राहिले. "कुठे गेला नाही हो! इतका जीव होता त्याचा आपल्या घरावर." लहानपणापासून मी हे ऐकलंय. आजोबांच्या मोठ्या मनाची गोष्ट म्हणून.

गेल्या महिन्यात नौपाड्याला आत्याकडे गेलो तेव्हा विचारलं, "आत्या, त्याला पगार किती होता गं?"

"पगार कसला? जेवण, कपडालत्ता, सगळं आपल्याकडेच. घरच्यासारखा होता तो."

"आणि लग्नाचे पैसे?"

आत्या थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "वहीत असतील." ती वही आता नाही.

दक्षिणेचे मळेवालेही हेच म्हणायचे, आमचे गुलाम घरच्यासारखे आहेत. गंमत म्हणजे फौज जवळ आल्याचं कळलं की हे घरचे लोक रात्रीतून निघून जायचे, आणि मालकांना खरोखर वाईट वाटायचं. आजोबा दुष्ट नव्हते. मी त्यांच्या मांडीवर वाढलोय. पण चांगल्या माणसाच्या वहीतही ते पान असू शकतं. वेठबिगारी कायद्याने गेली १९७६ साली, आणि आपल्या इमारतींच्या विटा पाडणाऱ्या कातकरी कुटुंबांना भट्टीवर आजही 'उचल' घेऊनच यावं लागतं. शब्द बदलला, वही तीच.

आमच्या घरातली बरीच मंडळी हा ब्लॉग वाचतात, त्यांना एक विनंती. त्या गड्याला सगळे नुसता 'गडी' म्हणायचे. आत्याला घरच्या दोन्ही बैलांची नावं आठवतात, म्हशीचंही आठवतं. त्याचं आठवत नाही, त्याच्या बायकोचं तर नाहीच. कुणाला माहीत असतील तर कृपया कळवा. आमच्या घरात किती वर्षं राबले, त्यांची नावं तरी कुठेतरी लिहिलेली असावीत.