वर्गाबाहेरची दोन मुले

बोलपट पाहून लेख लिहावा असा माझा स्वभाव नाही. वकिलाला नाट्य कोर्टातच पुरेसे लाभते, आणि तेही विनातिकीट. परंतु गेल्या चतुर्थीच्या सुटीत आमच्या बारा वर्षांच्या चिरंजीवांनी आग्रहाने एक इंग्रजी चित्रपट दाखविला आणि त्या रात्रीची माझी झोप गेली. 'सन ऑफ रॅम्बो' हे त्याचे नाव; गार्थ जेनिंग्ज याने तो २००७ साली पडद्यावर आणला.

काळ इंग्लंडमधील १९८० नंतरचा. विल हा प्लिमथ ब्रेदरन या कर्मठ ख्रिस्ती पंथातील मुलगा. त्याला सिनेमा वर्ज्य, दूरदर्शन वर्ज्य. म्हणून वर्गात माहितीपट सुरू झाला की तो बाहेर ओसरीवर. त्याच क्षणी दांडगाईबद्दल ली कार्टर नावाचे कार्टे बाहेर फेकले जाते. एक धर्मापायी बाहेर, दुसरा कर्मापायी. ओसरी मात्र एकच!

ली लबाड. शाळेत माशांचे काचेचे भांडे फुटते, तेव्हा दोष स्वतःवर घेण्याच्या मोबदल्यात तो विलचे घड्याळ मागतो, आणि ते घड्याळ त्याच्या दिवंगत वडिलांचे! अज्ञानाने केलेला करार आमच्याकडे १९०३ सालच्या मोहोरी बीबी खटल्यापासून मुळातच रद्दबातल, तेव्हा ते घड्याळ मी सहज परत मिळवून दिले असते. पुढे विल लीच्या घरी 'फर्स्ट ब्लड'ची चोरटी फीत पाहतो, आयुष्यातला पहिलाच सिनेमा, आणि रॅम्बोचा पुत्र होऊन रानात धावत सुटतो. ज्याने आजवर धर्मग्रंथाच्या समासात चोरून चित्रे काढली, त्याचे हे उधळणे पाहताना हसू आवरत नाही. दोघे मिळून स्वतःचा सिनेमा काढू लागतात. मग एक फ्रेंच पोरगा येऊन त्यात गोंधळ घालतो. तो भाग मला जरा लांबलेला वाटला.

पण माझी झोप गेली ती त्या दोष घेण्याच्या प्रसंगाने.

आमचे घर फोंडा महालातील एका देवळाच्या आवाराला लागून. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. जत्रेतील नाटकाचे वेड असे की दुसऱ्या दिवशी अग्रशाळेत बांबूच्या तलवारी चालत. मी नेहमी संभाजी. औरंगजेब व्हायला एकच मुलगा तयार असे. त्याचा बाप ट्रक चालवी, आणि त्याच्यासोबतचे माझे हिंडणे घरी पसंत नव्हते. एकदा माझी तलवार समईला लागली आणि सारे तेल कीर्तनकारबुवांच्या पेटीत गेले.

"तूं वच, हांव पळयतां," तो म्हणाला.

मी गेलो. त्याने घड्याळ मागितले नाही, काहीच मागितले नाही. संध्याकाळी चौकात त्याला मार बसला, तो मी आमच्या खिडकीतून पाहिला. त्यानंतर अग्रशाळेत त्याला कोणी येऊ दिले नाही, आणि संभाजीला दुसरा औरंगजेब मिळाला नाही.

"बाबा, ली लबाड, तरी आपल्याला का आवडतो?" चिरंजीवांनी मध्येच विचारले. चित्रपट शेवटाला आला होता. पाय मोडलेला ली थिएटरात बसून स्वतःचाच सिनेमा पाहत होता. मी पाणी प्यायला उठलो.

तो सोबती पुढे जहाजावर गेला. जत्रेला अजून येतो, "वकीलसाहेब" म्हणून हाक मारतो, आणि पेटी वाजू लागली की माझ्याकडे पाहून मिस्किल हसतो. आता देवस्थानचे जुने दप्तर माझ्याच ताब्यात आहे. त्या वर्षाच्या कीर्दीत त्याच्या वडिलांच्या नावे जमा आहे: पेटीदुरुस्तीबद्दल रुपये साठ. कीर्दीतील नोंद खोडता येत नाही. तिच्याखाली खुलासा लिहून सही करता येते. चतुर्थीनंतर दोनदा ती वही मी बाहेर काढली, आणि दोनदा कपाटात ठेवली.