कडू आणि आंबट

कडवटपणाला आपल्याकडे औषधाबाहेर फारशी प्रतिष्ठा नाही. पाडव्याला कडुनिंबाचे पान खायचे तेही गुळाबरोबर, आणि कारल्याला चिंचगुळात घोळून त्याचा स्वभावच पालटून टाकायचा. म्हणूनच ड्रेस्डेनला भाच्याच्या घरी शेजारच्या राडेबेर्ग गावची पिल्सनर बिअर पुढे आली, तेव्हा त्या लोकांना आपला कडवटपणा लपवावासाच वाटत नाही याचे मला मोठे नवल वाटले. वाळल्या गवताचा पिवळा रंग, वर दाट पांढरा फेस. जिभेवर आधी भाजल्या सातूची गोडी येते, मागोमाग हॉपच्या फुलांचा रानवट वास, आणि घोट उतरल्यावर एक कोरडा कडवटपणा घशाशी कितीतरी वेळ रेंगाळत राहतो.

ही बिअर मुळात जर्मनांची नव्हे. बोहेमियातील पिल्सेन गावची बिअर इतकी नासू लागली होती की, 1838 साली तेथील लोकांनी 36 पिपे नगरभवनासमोर ओतून दिली. पुढे नवी भट्टी बांधून त्यांनी बव्हेरियातून योसेफ ग्रोल यास बोलाविले. त्याने 1842 मध्ये, तेथील हलक्या पाण्यात, मोड आणून मंद आचेवर सुकविलेल्या सातूची ही सोनेरी बिअर थंडगार तळघरांत सिद्ध केली. तीन वर्षांनी करार संपला आणि ग्रोल आपल्या गावी परतला. नाव राहिले ते पिल्सेनचे. राडेबेर्गची भट्टी 1872 सालची. जर्मनांनी चव अधिक कोरडी केली, नाव मात्र परक्या गावाचेच ठेवले. आमचा सातारी कंदी पेढा पुण्यास वळला तरी सातारीच म्हणवितो, त्यातलाच हा प्रकार!

पेला अर्धा झाला असेल नसेल, तोच भाचा म्हणाला, "मामा, आजीची आंबील आठवते का हो?"

प्रश्न वाटतो तितका विचित्र नव्हता. आंबिलीत नशा नाही, कडवटपणा नाही. पण धान्य, पाणी आणि धीर ही सामग्री तीच. माझी आई सांगलीची. ज्वारीचे पीठ पाण्यात कालवून ती रात्री मडक्यात ठेवी, सकाळी शिजवी, आणि निवल्यावर ताक, मीठ व ठेचलेला लसूण घालून आम्हांस देई. मडके ती कधीच पुरते रिते करीत नसे. तळाशी राहिलेल्या आंबटावर पुढचे पीठ आंबे. 1883 साली कोपनहेगनास हान्सेनने शुद्ध किण्व वेगळे काढले, तोवर युरोपातले भट्टीवालेही आदल्या खेपेच्या गाळावरच पुढची खेप लावीत. माझ्या आईला हान्सेन ठाऊक असण्याचे कारण नव्हते. साताऱ्याच्या गारठ्याविषयी मात्र तिची कायमची तक्रार असे. सांगलीस जे एका रात्रीत होई, त्याला अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी पौषात दोन रात्री लागत. पण त्या दोन रात्रींची आंबील अधिक मऊ लागे, हे तिनेही कधी नाकारले नाही.

आई गेल्यानंतर घर आवरताना कोणीतरी ते मडके राखेने घासून लख्ख केले आणि उन्हात पालथे घातले. धाकटी बहीण सांगलीस असते. ती आजही वैशाखात आंबील करते. एका रात्रीची, चांगली झणझणीत आंबट.