डब्यातील भुकटी आणि मांडीतील बळ

हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वर परिसरात मी अनेक वर्षे रुग्ण तपासतो आहे. पूर्वी वृद्ध मंडळी ताकदीसाठी सलाईन मागत. आता पिशवीतून एक चकचकीत डबा काढतात आणि विचारतात, ''डॉक्टरसाहेब, मुलानं पुण्याहून पाठवलंय. घेऊ का?'' डब्यावर व्यायामानंतर स्नायूंची झीज लवकर भरून काढणाऱ्या अमिनो आम्लांची जाहिरात असते. वाचकहो, हा प्रश्न आपल्याही घरात आला असेल, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

आपले स्नायू प्रथिनांचे आणि प्रथिने वीस अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी नऊ शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती आहारातूनच मिळवावी लागतात. बाजारातील बऱ्याच डब्यांत या नवांपैकी ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलिन ही तीनच असतात. ल्युसीन स्नायूंची बांधणी सुरू होण्याचा इशारा देते, हे खरे. परंतु घर बांधायला गवंडी आला, वाळू-सिमेंट आले आणि विटाच नसल्या, तर भिंत उभी राहत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2010 साली या तीन आम्लांविषयीचे दावे तपासले आणि व्यायामानंतर स्नायूंचा थकवा लवकर भरून निघतो, या दाव्याला पुरेसा आधार नसल्याचे मत दिले.

उतारवयात स्नायू घटतात. त्यातच आजारपण आले की घसरण वेगाने होते. सरासरी 67 वर्षांच्या निरोगी व्यक्तींना 10 दिवस अंथरुणावर ठेवून केलेल्या एका अभ्यासात पायांचे जवळजवळ 1 किलो मांस घटल्याचे दिसले. हा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला.

माझ्याकडे येणारे सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक असेच तापाच्या आजारातून उठले होते. डबा नियमाने चालू होता. तरी शौचाला जाताना दोघांचा आधार लागे. त्या परावलंबनाने त्यांचा जीव कोंडला होता. घरची माणसे अतिशय मायाळू. ''बाबा, तुम्ही उठू नका, पाणी मी आणून देते,'' असे सूनबाई दिवसातून दहा वेळा म्हणत. जेवणात पेज आणि साबुदाण्याची खिचडी. माया पुष्कळ होती. पण प्रथिने नव्हती आणि हालचालही नव्हती.

इथे आपल्या पूर्णा नदीचे उदाहरण घ्या. धरण काठोकाठ भरले, तरी कालव्याचे दार उघडल्याशिवाय शेत भिजत नाही. आहार हे पाणी, व्यायाम हे दार. अमेरिकेत बोस्टन येथील वृद्धाश्रमात सरासरी 87 वर्षांच्या 100 रहिवाशांवर केलेला अभ्यास 1994 साली प्रसिद्ध झाला. 10 आठवडे वजनाचा व्यायाम केलेल्यांची ताकद दुपटीहून अधिक वाढली. व्यायामाविना केवळ पूरक आहार घेतलेल्यांचा अशक्तपणा मात्र कमी झाला नाही.

म्हणून गुरुजींना मी भक्कम, हात नसलेल्या खुर्चीवरून उठ-बस सांगितली. सुरुवातीला धरून, दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी पाच. आहारात घट्ट वरण, दही, फुटाण्याचे पीठ आणि अंडी आली. तिसऱ्या महिन्यात ते एकटे शौचाला जाऊ लागले. सूनबाईंचे काम बदलले होते: पाणी आणून देण्याऐवजी त्या शेजारी उभ्या राहत.

वृद्धांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने लागतात, असे तज्ज्ञगटांचे मत आहे. 55 किलोच्या व्यक्तीला 55 ते 66 ग्रॅम. दोन वाट्या घट्ट वरणातून साधारण 12, पेलाभर दुधातून 6, दोन अंड्यांतून 12, मूठभर फुटाण्यांतून 6 आणि चार ज्वारीच्या भाकरींतून 20 ग्रॅम मिळतात. ज्वारीत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळीत मेथिओनिन; एकत्र खाल्ल्यास एकमेकांची उणीव भरून निघते. ही प्रथिने एकाच जेवणात न घेता तिन्ही वेळा विभागून घ्यावीत.

डबा कधीच नको, असे नाही. गिळायला त्रास असेल, मोठी शस्त्रक्रिया किंवा हाडमोड झाली असेल, जेवणच जात नसेल, तर नवही आम्ले असलेली दुधाची प्रथिनभुकटी डॉक्टर सुचवू शकतात. मात्र मूत्रपिंडाचा विकार असल्यास क्रिएटिनिन तपासल्याशिवाय काहीही सुरू करू नये. कंपवातावरील लेव्होडोपा या औषधाचे शोषण प्रथिने व अमिनो आम्लांमुळे कमी होते. त्यांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. मधुमेहींनी डब्यावरील साखरेचे प्रमाण वाचावे.

आज घरी एक चाचणी करून पाहा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर ज्येष्ठांना बसवा, हात छातीशी बांधायला सांगा आणि पाच वेळा उठ-बस करायला लावा. आपण जवळच उभे राहा. 15 सेकंदांहून अधिक वेळ लागला किंवा उठताच आले नाही, तर तो स्नायू क्षीण झाल्याचा इशारा समजावा आणि डॉक्टरांना दाखवावे. नवा डबा मागवण्याआधी एवढे अवश्य करा.