अंबाजोगाईच्या अंगणातले ससे

यंदा मे महिन्यात मुलांना घेऊन वन्संकडे अंबाजोगाईला गेले. बीडहून एस.टी. सुटली, मांजरसुंबा, नेकनूर, केज अशी गावे मागे पडत होती आणि खिडकीतून चुलीपुढच्यासारखी धग येत होती. धाकटा गप्पगप्पच होता. गेल्या उन्हाळ्यात आमचा पांढरा ससा गेला. पत्र्याखाली पिंजरा, वाटीत पाणी, सावली आहेच की, असे मला वाटले होते. दुपारी शाळेतून आले तर तोंड उघडे टाकून तो धापा टाकत होता. संध्याकाळी संपला. “आई, तू बघितलं का नाहीस?” हा धाकट्याचा प्रश्न अजून टोचतो.

योगेश्वरीचे दर्शन झाले. उन्हे कलल्यावर डोंगराकडे मुकुंदराजांच्या समाधीला गेलो. परतताना झुडपातून एक रानससा उसळला. मुले धावणार तोच वन्सं म्हणाल्या, “थांबा रे! तो रानातलाच बरा. त्याला धरायला १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे. बघा, दिवसभर झुडपाखाली दबून राहतो नि ऊन उतरल्यावर चरायला निघतो.”

वन्संचा वाडा माळवदाचा, हातभर जाडीच्या भिंतींचा. अंगणात कडुनिंबाखाली त्यांचे चार पाळीव ससे. काठ फुटलेला रांजण आडवा करून निम्मा मातीत पुरलेला, वरून ओले गोणपाट. ससे आत पसरलेले.

“अगं, आपलं माळवद गार का? मातीमुळं. मग त्यालाही मातीच दे,” वन्सं म्हणाल्या. “पत्रा म्हणजे तापलेला तवा! सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे टाकतो. पारा तिशीच्या वर गेला की त्याला सोसवत नाही.”

त्यांची रीत सोपी आहे. पाणी जड मातीच्या भांड्यात, दोन ठिकाणी, दिवसातून दोनतीनदा बदललेले. हिरवा चारा सकाळ-संध्याकाळ. वारा खेळता हवा. कोंदट जागा नको. ससा धापा टाकू लागला, तर लगेच गारव्यात न्यायचे, साध्या पाण्याने कान ओले करायचे आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे धाव घ्यायची. बर्फाचे पाणी अंगावर ओतायचे नाही.

“आणि थंडीत?” मी विचारले.

“थंडी तो सोसतो गं, ओल नाही सोसत. खोपटं विटांवर उचलून ठेवायचं, आत वाळलं गवत भरपूर, भिजलं की बदलायचं. रात्री वाऱ्याच्या बाजूनं गोणपाट लावायचं, पण एक बाजू मोकळी ठेवायची.”

निघताना वन्संनी एक जोडी देऊ केली. धाकट्याचे डोळे चमकले. मला मात्र धीर होईना. म्हटले, “आधी घर, मग पाहुणे.” तोच म्हणाला, “मग रांजण तरी घेऊ या!”

घरी आल्यावर पेरूच्या झाडाखाली खड्डा खणला. रोज दुपारी धाकटा रांजणात हात घालून गारवा बघतो. दिवाळीत जोडी आणायचे ठरले आहे. मैत्रिणींनो, तुमच्याही मुलांनी हट्ट धरला, तर ससा आणण्याआधी एकदा भर दुपारी त्याच्या जागेवर हात ठेवून बघा. मी ते केले नव्हते.